दुःख काय शिकवतं? केडगावच्या रमाबाईंची गोष्ट

 

५ एप्रिल ही पंडिता रमाबाईंची पुण्यतिथी. १९२२ साली आपल्याच दौंड तालुक्यात, केडगावला त्या वारल्या. आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे, पण आधी माझी एक चूक सांगते.

दोन वर्षांपूर्वी एका गटाच्या बैठकीनंतर एक बाई मागं थांबली. हप्ता भरून झाला होता, वही मिटली होती. तिनं पदर बाजूला करून दंडावरचे वळ दाखवले. मी काय म्हणाले माहितीय? "देवावर भार टाक. थोडं सोस. संसार आहे." ती मान हलवून निघून गेली आणि पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही.

मी ख्रिस्ती घरात वाढले. आमच्या शास्त्रात, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, येशूलासुद्धा आज्ञापालन सोसण्यातून शिकावं लागलं, अशा अर्थाचं वचन आहे. लहानपणापासून ते कानावर होतं. त्याच्याच जोरावर मी तिला 'सोस' म्हणाले. पण आज्ञा कुणाची, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष पत्करलेला माणूस. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत पायी फिरायचं. मद्रासकडच्या दुष्काळात अन्न मिळेना. काही महिन्यांच्या अंतरानं वडील गेले, आई गेली, मोठी बहीणही गेली. रमाबाई तेव्हा विशीच्या आतल्या. त्या आणि भाऊ श्रीनिवास पुढंही पायीच चालत राहिले. कलकत्त्याला विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेर लग्न केलं, आणि १८८२ च्या सुरुवातीला पटकीनं नवरा गेला. मांडीवर मनोरमा, एक वर्षाचीही नाही.

इतकं सोसलेली बाई मुकाट झाली असेल, असं वाटतं ना? तसं झालं नाही. त्याच साली पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि तिथं वाँटेज गावी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. तिथल्या धर्मभगिनींची अपेक्षा होती, की आता वडीलधारे सांगतील तसं त्यांनी निमूट मानावं. रमाबाईंनी त्यांच्याशी प्रेम राखलं, पण प्रश्न विचारायचं सोडलं नाही. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाताखाली जायला त्या तयार नव्हत्या. शास्त्र स्वतः वाचायचं, स्वतः पारखायचं आणि मग देवाचं ऐकायचं, ही त्यांची रीत.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात मुली आणि विधवा रस्त्यावर पडल्या होत्या. काहींना फसवून नेणारे दलालही फिरत होते. रमाबाईंची शाळा पुण्यात कशीबशी चालली होती. घरी बसायला कारणं पुष्कळ होती. पण स्वतःच्या पोटातली ती जुनी भूक त्यांना आठवली. त्या स्वतः गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ होती, म्हणून मुलींना केडगावच्या माळावर ठेवलं. तेच मुक्ती सदन. तिथं त्या मुली विणकाम, शिवण, शेती, छपाई असली कामं शिकल्या. अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं.

मैत्रिणींनो, मला वाटतं आज्ञापालन हे असं असतं. दुःखानं रमाबाईंना दुसऱ्याचं रडणं ऐकायला शिकवलं, आणि ऐकल्यावर त्या उठल्या.

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. मिलोच्या भाकरीवर दिवस काढलेले. पुढं घरात बरं आलं, तरी दारातून कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही. आजी शाळेत गेली नव्हती, पण भूक तिला हेच शिकवून गेली होती.

लूकच्या शुभवर्तमानात अठरा वर्षं पाठीत वाकलेल्या एका बाईची गोष्ट आहे. येशूनं तिला शब्बाथाच्या दिवशी सरळ उभं केलं. सभास्थानाचा अधिकारी रागावला, की आज नियमाचा दिवस आहे. येशूनं ऐकलं कुणाचं? देवाचं. त्यानं तिला 'आणखी सोस' म्हटलं नाही. त्यानं स्वतः सोसलं ते लोकांना सोडवताना. एखाद्याचा हात आपल्यावर उठत राहावा म्हणून नव्हे. आजारपण, मरण, दुष्काळ ही दुःखं टळत नाहीत. तिथं देवाला धरून राहायचं. पण जे दुःख माणूस देतो आणि जे थांबवता येतं, ते देवाच्या नावावर टाकू नये.

उशिरा का होईना, मी त्या बाईच्या घरी गेले. "मी चुकीचं सांगितलं," म्हणाले. नंतर आम्ही दोघी संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेलो. तिचं सगळं मार्गी लागलं असं नाही. पण ती आता बैठकीला येते, आणि नवऱ्यालाही कळलंय, की तिच्यामागं दहा बायका आहेत.

१९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या.

तुमच्या गटात एखादी मागं थांबली, तर वही परत उघडा. तिला बसवा, ऐका. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. प्रार्थना जरूर करा, आणि तिच्याबरोबर चार पावलं चालाही. मी तेवढं चालायला उशीर केला, तुम्ही करू नका.