विधेयक कुठे पोचलंय, हे आधी विचारा
(सात रस्ता, सोलापूर येथे युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ऑगस्ट २०२४ मध्ये वक्फ सुधारणा विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. त्याच संध्याकाळी आमच्या खालाचा फोन आला. "कायदा झाला म्हणे. आता कब्रस्तानाचं काय होणार?" मोबाइलवर आलेला मेसेज तिने वाचला होता. मी म्हटलं, "खाला, कायदा झालेला नाही. विधेयक फक्त मांडलंय." तिने लगेच विचारलं, "मग फरक काय?"

आज मी त्याच प्रश्नाचं उत्तर देणार आहे. हा फरक कळत नसेल, तर बोलायच्या वेळी आपण गप्प बसतो आणि वेळ गेल्यावर ओरडत राहतो.

राष्ट्रपती, लोकसभा आणि राज्यसभा मिळून संसद होते. लोकसभेत आपण थेट निवडून दिलेले ५४३ खासदार आहेत, त्यात महाराष्ट्राचे ४८. राज्यसभेच्या २४५ जागा आहेत. त्यातले २३३ सदस्य आमदारांच्या मतांनी निवडून येतात, १२ जणांना राष्ट्रपती नेमतात. महाराष्ट्राचे तिथे १९ सदस्य आहेत. म्हणजे सोलापूर जिल्ह्यातून आपण जे ११ आमदार निवडतो, त्यांच्यामार्फत आपलं मत राज्यसभेपर्यंत जातं. विधानसभेचं मतदान चुकवणाऱ्याची दिल्लीतली एक खिडकीही बंद होते. लोकसभा बरखास्त होते, राज्यसभा होत नाही. तिचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात.

पण नुसती दोन सभागृहं असून भागत नाही. १९३० सालीही दिल्लीत दोन सभागृहं होती. तरी मे महिन्यात आपल्या सोलापुरात मार्शल लॉ आला आणि त्यासाठी व्हाइसरॉयने वटहुकूम काढला. त्याला कुठल्याही सभागृहाची संमती लागत नव्हती. त्याच काळातल्या खटल्यात चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. कुर्बान हुसेन त्यांच्यापैकीच एक. आजही सरकार वटहुकूम काढू शकतं, पण अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत संसदेने तो मान्य केला नाही, तर तो संपतो. या एका अटीचं मोल सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

आता विधेयकाची वाट पाहू. ते आधी एका सभागृहात मांडलं जातं. मग तपासणीसाठी समितीकडे जाऊ शकतं, पण जाईलच असं नाही. नंतर चर्चा होते, एकेका कलमावर मत घेतलं जातं आणि शेवटी संपूर्ण विधेयकावर मतदान होतं. दुसऱ्या सभागृहात पुन्हा हेच सगळं. दोन्हींनी एकच मसुदा मान्य केला, की तो राष्ट्रपतींकडे जातो. त्यांची सही झाल्यावरच कायदा होतो. धन विधेयकाचं मात्र वेगळं आहे. ते लोकसभेतच मांडावं लागतं, राज्यसभेने १४ दिवसांत परत करायचं असतं आणि तिच्या सूचना मानण्याचं बंधन लोकसभेवर नसतं.

दुसरं सभागृह काय करू शकतं? तिहेरी तलाकचं विधेयक घ्या. कायदा बरा की वाईट, हा आजचा विषय नाही. डिसेंबर २०१७ मध्ये लोकसभेने ते मंजूर केलं, पण राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हतं आणि ते अडकलं. या अडकण्याच्या काळात मसुदा बदलला. तक्रार फक्त ती पत्नी किंवा तिचे नातेवाईक करू शकतील, आणि तिचं म्हणणं ऐकून दंडाधिकारी जामीन देऊ शकतील, अशा तरतुदी आल्या. २०१९ मध्ये लोकसभा बरखास्त झाली आणि विधेयक रद्द झालं. नव्या लोकसभेत ते पुन्हा आलं. ३० जुलै २०१९ रोजी राज्यसभेत ९९ विरुद्ध ८४ मतांनी मंजूर झालं. त्या दिवशी अनेक सदस्य गैरहजर होते, काहींनी सभात्याग केला. म्हणून आपला खासदार काय बोलला एवढंच पाहू नका, मतदानाला बसला का, तेही पाहा.

आता खालाच्या प्रश्नाकडे येतो. वक्फ विधेयक ८ ऑगस्ट २०२४ ला मांडलं गेलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य होते. समितीने लोकांकडून लेखी सूचना मागवल्या. पुढे एप्रिल २०२५ मध्ये लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ आणि राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५ मतं पडली. दोन्ही मतदानं लागोपाठच्या दोन रात्रींत, मध्यरात्र उलटल्यावर झाली. ५ एप्रिलला राष्ट्रपतींची सही झाली. नंतर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये काही तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली, संपूर्ण कायद्याला नाही.

हिशेब करा. मतदानाला दोन रात्री लागल्या, पण त्याआधी जवळजवळ आठ महिने होते. कलम वाचून, आपल्या मशिदीची, दर्ग्याची, कब्रस्तानाची कागदपत्रं समोर ठेवून नेमकं लिहायची वेळ तीच होती. "आम्हाला मान्य नाही" एवढंच लिहिलेला ईमेल मोजला जातो, तर "अमुक कलमाने आमच्या कब्रस्तानाच्या नोंदीवर असा परिणाम होईल" असं लिहिलेलं पत्र सदस्याला सभागृहात वापरता येतं.

आणखी एक गोष्ट सांगतो. मंत्री नसलेल्या खासदारालाही विधेयक मांडता येतं. स्वतंत्र भारतात असं पहिलं खासगी विधेयक कायदा झालं, ते वक्फचंच होतं. सय्यद मोहम्मद अहमद काझमी यांनी १९५२ मध्ये मांडलेलं ते विधेयक १९५४ मध्ये कायदा झालं. अशी विधेयकं आजवर फक्त १४ मंजूर झाली, शेवटचं १९७० मध्ये. रस्ता अवघड आहे, पण घटनेने तो बंद केलेला नाही.

तेव्हा पुढचा मेसेज आला, की पुढे ढकलण्याआधी चार प्रश्न विचारा. हे विधेयक आहे की कायदा? कुठल्या सभागृहात आहे? समितीकडे गेलंय का? सूचना द्यायची शेवटची तारीख कोणती? उत्तरं आणि मूळ मसुदा संसदेच्या संकेतस्थळावर मिळतात. मग घरातल्या मोठ्यांना आपल्या भाषेत समजावून सांगा.

परवा खालाचा पुन्हा फोन आला होता, दुसऱ्याच एका मेसेजबद्दल. या वेळी तिने आधी विचारलं, "मांडलंय, की सही झालीय?"