आज्जीनं फोन बंद करायला लावला तेव्हा

 

बऱ्याच जणांनी विचारलंय, "रील्स बघून कंटाळा आला राव, डोक्याला खुराक मिळेल असं काहीतरी सुचव." तर आज तीनच गोष्टी सांगतो. तिन्ही मराठीत, तिन्ही फुकट.

पहिली, जात्यावरच्या ओव्या. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये 'पारी' नावाची वेबसाइट सुरू केली, ग्रामीण भारताच्या गोष्टी सांगणारी. तिथं हा ओव्यांचा खजिना आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी बायकांच्या स्वतःच्या आवाजात ऐकता येतात.

एका संध्याकाळी मी घरी त्या लावल्या. आज्जी आतून आली. "काय ऐकायलास रं?" म्हणाली. थोडं ऐकलं आणि म्हणाली, "आमच्याकडं आसं न्हवतं म्हणत." आणि गायला लागली! पहिली ओवी भावाची. दुसरी सासुरवासाची. मी हळूच रेकॉर्डिंग चालू केलं. तेवढ्यात वडील आत आले आणि ती गप्पच झाली. फोनकडं बघून म्हणाली, "ते बंद कर आधी."

मी बंद केलं, रेकॉर्डिंगही काढून टाकलं. पण झोप लागली नाही. जन्मापासून एका घरात राहतोय आम्ही. तिला एवढं काही सांगायचं होतं, आणि स्वतःच्या पोरासमोर ते सांगता येत नव्हतं, हे मला कधी कळलंच नाही.

दुसरी गोष्ट, नरहर कुरुंदकरांची भाषणं. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य, १९८२ साली गेले. जुन्या भाषणांची रेकॉर्डिंग यूट्यूबवर सापडतात. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. दरवर्षी ती तारीख जवळ आली की ग्रुपवर मेसेजचा पूर येतो. मीपण असे कितीतरी मेसेज न वाचता पुढं ढकललेत. कुरुंदकर ऐकले आणि लाज वाटली. हा माणूस समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडतो आणि मगच ते खोडतो. दीडपट स्पीडवर टाकू नका. ऐकताना कुठंतरी तुम्हाला राग येईल. तिथंच थांबा, मागं जा, परत ऐका. राग आला म्हणजे आपलं एखादं न तपासलेलं मत तिथं दुखलं असेल.

तिसरी, वाचायची. मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. आता सगळा ऑनलाइन आहे. सुरुवात आपल्या तेरपासून करा. तेर म्हटलं की आपल्याला गोरोबाकाका आठवतात. पण हेच प्राचीन 'तगर'. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव येतं. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडं जायचं आणि तिथून समुद्रापार. आणि २०१८ साली देशातल्या मागास, म्हणजे सरकारी भाषेत 'आकांक्षित' जिल्ह्यांची यादी निघाली, त्यात आपला जिल्हा होता. मग मधल्या काळात झालं काय? पाणी, रस्ते, राज्यकर्ते, नेमकं काय बदललं? "आपला भाग पहिल्यापासूनच असा" हे वाक्य मी तेव्हापासून बोलायचं सोडलंय.

माझी साधी कसोटी सांगतो. एखादी गोष्ट ऐकली-वाचली आणि नुसतं "भारी!" म्हणून पुढं सरकलो, तर ती विसरली जाणार. तिच्यामुळं घरात कुणालातरी एक प्रश्न विचारावासा वाटला, तर ती कामाची.

म्हणून या आठवड्याचं काम एवढंच. तीनपैकी एक निवडा. एकट्यानं ऐकू नका, घरातल्या मोठ्या माणसाशेजारी बसून ऐका. आणि रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा, माझ्यासारखं गुपचूप करू नका.

परवा वडील शेतात गेले होते. आज्जी माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "लाव की रं ते जात्याचं."

लावलं. फोन लांब ठेवला, आणि ती काय म्हणतेय ते नुसतं ऐकत बसलो.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!