नावावरचा पिवळा पट्टा

मी निमगाव सावा इथून बोलते आहे. आमच्या बचत गटाची मी सचिव. लिहिण्या-वाचण्याचं काम माझ्याकडं असतं, म्हणून आजचा विषयही लिहिण्यातलाच आहे. विषय छोटा वाटेल, पण त्यापायी आमच्या गटातल्या एका मावशींना चारचौघांत मान खाली घालावी लागली होती. चूक आमची होती. तुमच्या गटात तशी होऊ नये, म्हणून सांगते.

आमची नोंदवही हातानं लिहिलेली आहे आणि ती तशीच राहणार. पण बँकेला यादी द्यायची, अर्ज करायचा, तर हल्ली टाईप केलेला कागद बरा पडतो. म्हणून आम्ही गुगल डॉक्स वापरायला लागलो. गुगल डॉक्स म्हणजे इंटरनेटवरची वहीच. ती माझ्या फोनवर उघडते, अध्यक्षांच्या फोनवर उघडते आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरही उघडते. एकीनं लिहिलं की दुसरीला लगेच दिसतं. २००६ सालापासून ही सोय आहे, आपल्यापर्यंत ती फोनमुळं पोचली.

त्या वहीत आम्ही अंतर्गत कर्जाची यादी ठेवली. नाव, रक्कम, हप्ता, बाकी. त्या वर्षी कांद्याचा भाव पडला आणि मावशींचे दोन हप्ते थकले. कुणीतरी लक्षात राहावं म्हणून त्यांच्या नावामागं पिवळा रंग लावला. याला हायलाइट म्हणतात. मुलं पुस्तकात पिवळ्या पेननं ओळी रंगवतात, तसंच. मावशींनी दिवाळीच्या आत सगळे पैसे फेडले. वहीत जमा झाले, सह्या झाल्या. रंग मात्र कुणी काढला नाही.

पुढं बँकेच्या कर्जासाठी तीच यादी छापून नेली. टेबलापलीकडच्या माणसानं यादीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही बाई थकबाकीदार आहे का?" मावशी माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मी घाईघाईनं सांगितलं, नाही हो, सगळं फिटलंय. त्यानं मान हलवली, विषय संपला. पण येताना मावशी वाटभर गप्प होत्या. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाल्या, "अगं, पैसे मी दिवाळीलाच फेडले ना? मग माझं नाव अजून पिवळंच कसं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मैत्रिणींनो, सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज काढलं की सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढतो. कर्ज फेडलं म्हणून तो आपोआप उतरत नाही. बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घ्यावा लागतो, तलाठ्याकडं द्यावा लागतो, फेरफार व्हावा लागतो, तेव्हा बोजा कमी होतो. ज्यानं हे केलं नाही, त्याला पुढच्या कर्जाच्या वेळी कळतं. पिवळ्या पट्ट्याचंही तसंच आहे. पैसे फिटले हे त्या रंगाला कळत नाही. कुणीतरी बसून तो काढावा लागतो.

आता तो काढायचा कसा, ते सांगते. फोन हातात असेल तर बरोबरच करून बघा.

फोनवर गुगल डॉक्समध्ये आपली यादी उघडा. खाली कोपऱ्यात पेन्सिलीचं चित्र आहे, त्यावर बोट लावा, म्हणजे लिहिता येईल. आता ज्या नावावर रंग आहे त्यावर बोट दाबून धरा. नाव निवडलं जाईल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन थेंब दिसतील. ते थेंब ओढून जिथून जिथपर्यंत रंग आहे तेवढा भाग धरा. मग वरच्या बाजूला इंग्रजी 'ए' अक्षर आणि त्याच्याशेजारी आडव्या रेघा असं चित्र आहे, ते दाबा. खालून एक यादी वर येईल. त्यात 'टेक्स्ट' या भागात थोडं खाली सरकलं की 'हायलाइट कलर' सापडेल. ते उघडा आणि 'नन' निवडा. नन म्हणजे काहीच नाही. रंग गेला.

कॉम्प्युटरवर आणखी सोपं. माऊसनं नाव निवडायचं. वरच्या पट्टीत पेनचं चित्र असतं, ते दाबलं की रंगांचे ठिपके दिसतात, त्यातच 'नन' असतं. ते निवडायचं.

इथं एक चूक पुष्कळ जणी करतात, मीही केली. 'नन' न निवडता मी पांढरा रंग निवडला. कागद पांढरा, रंग पांढरा, पट्टा दिसेनासा झाला. मला वाटलं, काम झालं. पण ते डाग पुसणं नव्हे, डागावर चुना फासणं झालं. पुढं आम्ही त्या यादीच्या रकान्यांना फिकट निळा रंग दिला, तर मावशींच्या नावामागं पांढरा पट्टा उठून दिसला. पुन्हा तेच नाव, पुन्हा वेगळं! म्हणून लक्षात ठेवा, पांढरा नाही, 'नन'.

कधी कधी 'नन' केलं तरी रंग जात नाही. मग फोनला दोष देऊ नका. तो रंग हायलाइटचा नसतो, दुसऱ्या कशाचा तरी असतो. ज्या वाटेनं रंग आला, त्याच वाटेनं तो जातो.

यादी तक्त्यात असेल आणि अख्खा चौकोन कडेपर्यंत रंगलेला असेल, तर तो चौकोनाचा रंग आहे, अक्षरांचा नाही. कॉम्प्युटरवर त्या चौकोनात माऊसचं उजवं बटण दाबून 'टेबल प्रॉपर्टीज' मध्ये जायचं आणि तिथला रंग बदलायचा.

तक्ता नसून अख्खा परिच्छेद या कडेपासून त्या कडेपर्यंत रंगलेला असेल, तर ती परिच्छेदाची छटा. कॉम्प्युटरवर वर 'फॉरमॅट' आहे, त्यात 'पॅराग्राफ स्टाइल्स', त्यात 'बॉर्डर्स अँड शेडिंग'. तिथला पार्श्वभूमीचा रंग काढायचा.

नावावर फिकट पिवळा रंग आहे आणि बोट लावलं की बाजूला किंवा खाली कुणाचं तरी म्हणणं दिसतं, तर ती टिप्पणी आहे, म्हणजे कॉमेंट. ती रंग पुसून जात नाही. आधी ती वाचा, तिचं उत्तर द्या आणि काम झालं असेल तर बरोबरची खूण दाबा. मग रंग आपोआप जातो. हे मला फार आवडलं. प्रश्न सुटला की खूण मिटते.

अक्षरंच रंगीत दिसतात, काहींवर आडवी रेघ मारलेली असते, तर ती कुणीतरी सुचवलेली दुरुस्ती. ती मान्य असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. आणि वहीत एखादं नाव शोधताना ते नाव जिथं जिथं असेल तिथं रंग दिसतो. तो शोध बंद केला की जातो, त्याची काळजी नको.

आता नको असलेला रंग मुळात येतो कुठून? एक म्हणजे आपणच लावतो आणि विसरतो. दुसरं म्हणजे नक्कल करून चिकटवताना येतो. एखाद्या योजनेची माहिती वेबसाइटवरून उचलली आणि आपल्या अर्जात चिकटवली, तर तिथला करडा नाहीतर निळा रंगही बरोबर येतो. शेजारणीकडून विरजण आणायला गेलं आणि भांडंही तिचंच घेऊन आलं, तसं. कॉम्प्युटरवर चिकटवताना कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही ही तीन बटणं एकदम दाबली, तर फक्त मजकूर येतो, रंग येत नाही.

काळ्या पानावरून काही उचललं असेल तर आणखी एक गंमत होते. काळा पट्टा येतो आणि अक्षरं पांढरी असतात. पट्टा काढला की सगळा मजकूरच गायब झाल्यासारखा वाटतो. घाबरू नका, अक्षरं तिथंच आहेत, पांढऱ्यावर पांढरी. तोच भाग पुन्हा निवडा आणि 'टेक्स्ट कलर' मध्ये काळा रंग द्या.

सगळंच एका फटक्यात साफ करायचं असेल तर कॉम्प्युटरवर 'फॉरमॅट' मध्ये 'क्लिअर फॉरमॅटिंग' आहे. पण जपून. त्यानं ठळक केलेली अक्षरं, लहानमोठे आकार, सगळंच सपाट होतं. शेतातलं तण काढताना रोपंही उपटल्यासारखं. चुकून झालंच, तर मागं वळलेला बाण दाबा, म्हणजे आधीचं परत येतं.

आणि छापायच्या आधी एकदा सगळी पानं डोळ्याखालून घाला. झेरॉक्सच्या दुकानात बहुतेक वेळा काळ्या-पांढऱ्यात छापतात. तिथं पिवळा रंग करडा होतो. गडद हिरवा किंवा निळा असेल तर नावच वाचता येत नाही. फोनवर जे सुबक दिसतं, ते कागदावर डाग वाटू शकतं.

एवढं सगळं शिकल्यावर आम्ही बैठकीत मावशींचा विषय काढला. मावशींसमोरच काढला, त्यांना विचारून. आणि तीन गोष्टी ठरवल्या.

पहिली, कुणाच्याही नावाला रंग लावायचा नाही. हप्ता राहिला असेल तर शेवटच्या रकान्यात शब्दांत लिहायचं, कोणत्या महिन्याचा हप्ता बाकी आहे ते. शब्दाला तारीख असते, कारण असतं. रंगाला दोन्ही नसतं. रंग फक्त बोट दाखवतो.

दुसरी, हप्ता भरला की त्याच बैठकीत, त्या बाईच्या समोर, ते शब्द काढून भरल्याची तारीख लिहायची. नंतर करू, घरी गेल्यावर करू, असं नाही. आपल्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज आणि नियमित परतफेड यांच्याबरोबर नियमित नोंदी आहेत. आम्ही बाकीची नोंद नियमित केली आणि फिटल्याची खूण विसरलो. नोंद अर्धीच झाली.

तिसरी, त्या वहीत लिहायचा अधिकार फक्त अध्यक्षांना आणि मला. बाकी सगळ्या जणींना ती वाचता येईल, पण बदलता येणार नाही. गुगल डॉक्समध्ये कुणाला वही पाठवताना 'व्ह्यूअर' निवडलं की असं होतं. वाचायचा हक्क मात्र प्रत्येकीला हवाच. मावशींना ती यादी आधी दाखवली असती, तर बँकेत जायच्या आधीच त्यांनी विचारलं असतं.

कॉम्प्युटरवर जुने बदल बघता येतात, कुणी कधी काय केलं ते. आम्हाला बघता आलं असतं, तो रंग कुणी लावला होता ते. आम्ही बघितलं नाही. एकीनं लावला, पण यादी तर आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. काढावा असं कुणालाच वाटलं नाही.

त्या दिवशी बैठक संपल्यावर मी फोन मावशींच्या हातात दिला. म्हटलं, तुम्हीच काढा. मावशींचं बोट शेतीकामानं खरबरीत झालेलं, पडद्यावर पटकन उमटत नव्हतं. दोनदा नाव सुटलं. तिसऱ्यांदा धरलं. मी फक्त सांगत होते, आता वरचा 'ए', आता खाली सरका, आता 'नन'. रंग गेला. मावशींनी फोन जरा लांब धरून बघितला, आपलं नाव वाचलं, वरचं वाचलं, खालचं वाचलं. म्हणाल्या, "आता सगळ्यांसारखं दिसतंय."

मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर आपल्या गटाची यादी उघडा. एखादं नाव विनाकारण रंगलेलं आहे का, ते बघा. असेल तर ज्या बाईचं नाव आहे तिला बोलवा आणि तिच्याच हातानं तो रंग काढून घ्या.