वाचकमंडळातील चर्चा



म्हैसूरहून नंजनगूडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील या कडकोळ गावी वाचकमंडळाविषयी बोलताना दूरची उदाहरणे शोधण्याचे कारण नाही. आपल्याकडे गमकी कुमारव्यासाचे भारत गाऊन वाचतो, व्याख्याता त्याचा अर्थ उलगडतो आणि मंडळी ऐकतात. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापर्यंतही काव्य पोहोचले ते या परंपरेमुळे. परंतु तेथे श्रोता बहुधा श्रोताच राहतो. वाचकमंडळात त्याने बोलावयाचे असते, आणि चर्चा चालविणाऱ्याचे काम येथूनच सुरू होते.

देवनूर महादेव यांची ‘कुसुमबाळे’ ही १९८४ सालची लहानशी कादंबरी घ्या. तिला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. लेखक शेजारच्या नंजनगूड तालुक्यातले आणि कादंबरीची भाषा याच भागातील बोली. प्रमाण कन्नडवर पोसलेल्या अनेक सुशिक्षितांना ती अवघड वाटली. मंडळात पदवीधर आणि शेतमजूर एकत्र बसले असतील, तर प्रथम एक उतारा मोठ्याने वाचावा. जेथे शब्द अडेल तेथे चालकाने अर्थ सांगण्याची घाई करू नये. ज्याच्या घरात तो शब्द नांदतो, त्याला विचारावे. मग जाणता कोण आणि अजाण कोण, ही उतरंड आपोआप बदलते.

अर्थात, अडचण केवळ भाषेची नाही. दलित तरुण चन्ना आणि वरच्या जातीतील कुसुमा यांच्या प्रेमाची, व चन्नाच्या हत्येची ही कथा आहे. ज्या गावात राहावयाचे त्याच गावात यावर बोलणे सोपे नसते. ‘जातिभेद असावा की नसावा?’ असे विचारले, तर सर्वजण योग्य ते उत्तर देतील आणि घरी जातील. त्याऐवजी पुस्तकाकडे बोट दाखवावे: चन्नाविषयी कोण काय बोलतो? कोण गप्प राहतो? त्या मौनाचे कारण काय असावे? असे तीन-चार प्रश्न आधी लिहून आणावेत. त्यासाठी पुस्तक निदान दोनदा वाचलेले असावे.

मात्र ज्याने सोसले असेल, त्याला ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हणून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करू नये. सांगणे वा न सांगणे हा त्याचा अधिकार आहे. प्रश्नानंतर शांतता पसरली, तर ती चालकाने आपल्या भाषणाने भरून काढू नये, थोडे थांबावे. एखादा सद्गृहस्थ बोलतच राहिला, तर ‘हे कोणत्या पानावर दिसते?’ असे नम्रपणे विचारावे आणि ते पान दुसऱ्याला वाचावयास द्यावे.

शेवटी सर्वांचे एकमत झाले की नाही, याचा हिशेब ठेवू नये. आज प्रथमच कोण बोलले, एवढे मात्र अवश्य ध्यानात ठेवावे, आणि पुढील बैठकीची सुरुवात त्याच्या प्रश्नापासून करावी.