खालच्या कवळीचा आधार

दात गेले की कवळी बसवावी आणि पूर्ववत जेवू लागावे, अशी आपली साधी समजूत असते. वरच्या कवळीपुरती ती बरीचशी खरी ठरते. टाळूच्या रुंद, ओलसर पृष्ठभागाला ती चिकटून राहते. खालच्या कवळीच्या वाट्याला मात्र घोड्याच्या नालेएवढी अरुंद जागा येते, आणि शेजारी जीभ सदैव हलत असते. शिवाय दातांची मुळे गेल्यावर जबड्याचे हाड झिजू लागते. टालग्रेन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या दीर्घ अभ्यासात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली. मग कवळी सरकते, हिरडी दुखते, भाकरी सुटते आणि चारचौघांत जेवणे नकोसे होते.

यावरचा उपाय स्वीडनमधून आला. हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत असता ब्रोनेमार्क यांना असे दिसले की, सशाच्या हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाशी एकजीव झाले आहे. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसविले. त्यांनाच आज आपण इम्प्लांट म्हणतो.

प्रत्येक दातासाठी एकेक इम्प्लांट हवाच, असे मात्र नाही. पूर्वी जेथे सुळे होते, त्या दोन जागी दोन इम्प्लांट बहुधा पुरतात. २००२ साली माँट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हीच पहिली निवड असावी, असे मत दिले. हाड जुळून येण्यास सामान्यतः दोन-तीन महिने लागतात. पुढे सदऱ्याच्या टिचबटणाप्रमाणे कवळी त्यांवर बसते. ती रोज काढून धुवावी लागते. इम्प्लांटभोवतीची हिरडीही स्वच्छ ठेवावी लागते, आणि झिजलेली कडी अधूनमधून बदलावी लागते.

वय एवढेच कारण या उपचाराच्या आड येत नाही. मधुमेह आटोक्यात असावा, तंबाखू सुटावी, आणि हाडांच्या ठिसूळपणासाठी काही औषध चालू असेल तर ते दंतवैद्यांस आधी सांगावे. खर्च साध्या कवळीहून पुष्कळ अधिक येतो, हेही खरे. तरी घरातील वडीलधारी माणसे एकेक पदार्थ मुकाट्याने सोडू लागली, तर 'आता वयच झाले' असे म्हणून स्वस्थ बसू नये. त्यांची कवळी हलते का, एवढे तरी विचारावे.