पिशवीतून आलेला वारसा



गुरुगृही राहून विद्या मिळवणारे शिष्य आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत. आज मी आयर्लंडमधल्या एका गुरू-शिष्याची गोष्ट सांगणार आहे. हे दोघे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला काही काळ डब्लिनमध्ये एकाच घरात राहिले, पण मित्र म्हणून. गुरू शेमस एनिस, पन्नाशी ओलांडलेले. शिष्य लिअम ओ'फ्लिन, त्यांच्याहून २६ वर्षांनी लहान. दोघांना जोडणारं वाद्य म्हणजे आयरिश पाइप.

हे वाद्य तोंडानं फुंकत नाहीत. उजव्या कोपराखाली लोहाराच्या भात्यासारखा छोटा भाता असतो आणि डाव्या काखेत हवेची पिशवी. वादक बसून वाजवतो. आपल्याकडे सनईवादनात एक जण गाणं वाजवतो आणि दुसरा सूर धरतो. इथे दोन्ही कामं एकटाच करतो. बोटं मुख्य नळीवर सूर वाजवतात, तीन नळ्या अखंड आधारस्वर देतात आणि आणखी तीन नळ्यांच्या किल्ल्या मनगटाच्या कडेनं दाबून साथीचे स्वर काढायचे असतात. म्हणूनच तिकडे म्हणतात, की पाइपर घडायला २१ वर्षं लागतात : सात शिकण्यात, सात रियाजात आणि सात वाजवण्यात.

एवढा काळ एकट्यानं निघत नाही. कुणीतरी वडीलधारं माणूस सोबत लागतं.

एनिस यांच्याकडे हा वारसा वडिलांकडून आला. त्यांचे वडील जेम्स हे सरकारी नोकर आणि नावाजलेले पाइपर. १९०८ साली लंडनमधल्या एका गहाणवटीच्या दुकानात त्यांना एका पिशवीत भरलेले जुन्या पाइपचे सुटे भाग मिळाले. ते डब्लिनच्या कॉइन नावाच्या कारागिरानं एकोणिसाव्या शतकात घडवलेलं वाद्य निघालं. दुरुस्त होऊन ते बोलू लागलं आणि पुढे मुलाच्या हाती आलं.

शेमस एनिस नुसते वादक नव्हते. १९४२ ते १९४७ या काळात त्यांनी आयरिश लोकसाहित्य आयोगासाठी गाणी गोळा केली. साधनं काय, तर कागद, पेन आणि सायकल! पश्चिमेकडच्या कॉनेमारा भागात कोलम ओ'कीन नावाच्या कोळी-शेतकऱ्यानं त्यांना दोनशेच्या वर गाणी दिली. एनिस त्याच्या घरी जात, शेतातल्या कामाला हात लावत आणि मग गाणी उतरवून घेत. आधी मैत्री, मग गाणं, असा तो क्रम होता.

लिअमच्या बाबतीत हाच क्रम पुन्हा घडला. लहानपणी त्यानं लिओ राऊसम या डब्लिनच्या थोर शिक्षकाकडे रीतसर धडे घेतले होते. क्लेअर परगण्यातल्या विली क्लॅन्सी या सुतारकाम करणाऱ्या वादकाकडूनही तो शिकला. हात तयार होता. आता हवा होता सहवास. एका घरात राहताना धडा कधी सुरू झाला आणि कधी संपला, हे सांगता येत नाही. तिकडच्या संथ चाली मुळात आयरिश भाषेतल्या गाण्यांच्या. शब्द ठाऊक नसतील, तर श्वास कुठे घ्यायचा आणि सूर कुठे रेंगाळू द्यायचा, हे वादकाला कळत नाही. आपल्याकडे बंदिशीचे बोल न समजता ती वाजवावी, तसंच ते. एनिस यांना ते शब्द ठाऊक होते आणि ती गाणी म्हणणारी माणसंही.

हे सगळं किती नाजूक धाग्यावर होतं पाहा. १९६८ साली पाइपवादकांनी आपली संस्था स्थापन केली, तेव्हा साऱ्या आयर्लंडमध्ये शंभरही वादक उरले नव्हते. राऊसम १९७०मध्ये गेले, क्लॅन्सी १९७३मध्ये. एनिस आयुष्याच्या शेवटी नॉल या गावी, आजोबांच्या जुन्या जमिनीवर, एका फिरत्या घरात राहत होते. ५ ऑक्टोबर १९८२ रोजी ते वारले. वडिलांना पिशवीत सापडलेलं ते वाद्य त्यांनी मृत्युपत्रात लिअमच्या नावे ठेवलं होतं.

हा नुसता मान नव्हता, ती जबाबदारी होती. लिअमनं ती पेलली. 'प्लँक्स्टी' या वाद्यवृंदातून त्यानं तरुणांना पाइप ऐकवला होताच. पुढे सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर आणि कवी शेमस हीनी यांच्या काव्यवाचनाबरोबरही तो वाजवत राहिला. २०१७ साली युनेस्कोनं या कलेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. पुढच्याच वर्षी, मार्च २०१८मध्ये, लिअमही गेला.

श्रोतेहो, आपल्याही घरात, गल्लीत कुणा आजीपाशी ओव्या असतात, कुणा वृद्ध वादकापाशी एखादी जुनी चाल असते. आपण जातो, ध्वनिमुद्रण करतो आणि निघतो. ध्वनिमुद्रण जरूर करावं. एनिस यांनीही रेडिओच्या नोकरीत ते पुष्कळ केलं. पण त्यात चाल राहते. ती तशी का, हे कळायला त्या माणसाजवळ विनाकाम बसावं लागतं, त्याच्या हाताला हात लावावा लागतो. तेवढी सवड आपण काढली, तर वारसा द्यायचा कुणाला, हा प्रश्न त्या माणसाला शेवटी पडणार नाही.