हृदयाची चुकलेली लय आणि कॅथेटर ॲब्लेशन



पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या उद्योगनगरीत विजेच्या तारेतील दोष म्हणजे काय, हे कोणास सांगावे लागत नाही. यंत्र धडधाकट असते. पण वीज भलत्या वाटेने फिरते आणि काम विस्कटते. हृदयाचेही तसेच. रक्तवाहिन्या स्वच्छ असूनही ठोके अकस्मात मिनिटाला दीडशे-दोनशेवर जातात. रात्रपाळीचा कामगार त्याला पित्त म्हणतो, गृहिणी अशक्तपणा म्हणते आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सारे शांत होते. ईसीजी निर्दोष येतो. खरी अडचण येथेच आहे. धडधड चालू असताना काढलेला एकच ईसीजी वर्षानुवर्षांचे कोडे सोडवितो. त्यासाठी चाकणच्या माणसाने पुण्याची वाट धरू नये. जवळचा दवाखाना गाठावा.

हृदयातील विद्युतसंदेश अलिंदांतून निलयांकडे एकाच ठरलेल्या वाटेने उतरतो. काहींना जन्मतः आणखी एक वाट असते आणि संदेश त्या दोहोंतून गरगर फिरू लागतो. वुल्फ, पार्किन्सन व व्हाइट या तिघांनी १९३० साली या विकाराचे वर्णन केले. त्यावर उपाय मात्र दीर्घकाळ दोनच होते : जन्मभर गोळ्या, नाहीतर छाती उघडून शस्त्रक्रिया.

१९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. मेल्विन शाइनमन आणि सहकाऱ्यांनी शिरेतून नळी हृदयात नेऊन विजेच्या झटक्याने वाहक पेशी निकामी केल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तो झटका फार दांडगा होता. पुढे रेडिओ-लहरी आल्या. आज मांडीच्या शिरेतून बारीक नळ्या सरकवून प्रथम विजेच्या वाटांचा नकाशा काढतात, मग नेमक्या जागी काही मिलिमीटरचा भाग तापवून बंद करतात. जादा वाटेच्या विकारात बहुतेक रुग्ण यानेच कायमचे बरे होतात. ज्या विकारासाठी तरुण माणूस आयुष्यभर गोळ्या मोजत बसे, तो काही तासांत सुटतो!

ॲट्रियल फिब्रिलेशन हे प्रकरण अधिक चिवट. त्याचा उगम बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांत असतो, हे फ्रान्समधील डॉ. हायसागेर यांच्या चमूने १९९८ मध्ये दाखविले. त्या शिरांभोवती उष्णतेने किंवा गोठवून कडे केले जाते. अलीकडे विद्युतस्पंदांचेही तंत्र आले आहे. नवे म्हणून ते प्रत्येकास हवेच असे नाही. विकार उलटतो, कधी दुसऱ्यांदा उपचार करावा लागतो. यात गुठळीमुळे पक्षाघाताचे भय असते. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ॲब्लेशननंतरही स्वतःच्या मनाने थांबवू नयेत. पर्युषणात निर्जळ उपवास करणाऱ्यांनी तर डॉक्टरांना आधी विचारावेच.

धोके थोडे, पण आहेत : मांडीत रक्तस्राव, क्वचित हृदयाला छिद्र, क्वचित मूळ वाटच दुखावून पेसमेकर बसविण्याची वेळ. म्हणून डॉक्टरांनी अशा किती प्रक्रिया केल्या आहेत, हे विचारण्यात संकोच नको. दुकानात कापडाचा पोत बोटांनी पाहतो, येथे तर हृदय आहे. प्रक्रियेनंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते. पुष्कळ जण दुसऱ्या दिवशी घरी जातात आणि काही दिवस जड ओझे उचलणे टाळतात.